अठरा सेकंद गुडघ्यांवर
(टॉर्व्हिल आणि डीन : बर्फावरच्या नृत्यातील एक जोडी)



इंदुरात आपल्याला बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर, किंवा लग्नाच्या मांडवात पाण्याच्या पिंपात. तेव्हा बर्फावर नाचणाऱ्या जोडीचे चरित्र आपल्या शालापत्रिकेत कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. या सदरासाठी आम्ही अशी माणसे निवडतो, ज्यांच्या कामात अभ्यास करण्याजोगे काही आहे. या वेळची माणसे आहेत इंग्लंडच्या नॉटिंगहॅम शहरातील विमा कंपनीतली एक कारकून आणि त्याच शहरातला एक पोलीस शिपाई. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी या दोघांनी साराजेव्हो येथे जे नृत्य केले, त्याचा पाया होता एक साधा नियम आणि तो नियम शब्दन् शब्द वाचण्याची सवय. आमच्या मते गणित, विज्ञान आणि भाषा या तिन्ही तासांना हे उदाहरण चालेल.

खेळ की नाच?

बर्फावर जोडीने करायच्या स्पर्धा दोन प्रकारच्या असतात, आणि दूरदर्शनवर पाहताना त्यांची हमखास गल्लत होते. पहिल्या प्रकारात पुरुष आपल्या जोडीदारणीला दोन्ही हात ताणून डोक्यावर उचलतो, हवेत भिरकावतो, दोघेही उंच उड्या मारून हवेतच दोन-तीन गिरक्या घेतात. त्याला जोडी-स्केटिंग म्हणतात. दुसरा प्रकार आइस डान्स. यात भिरकावणे नाही, तशा उड्या नाहीत, डोक्यावर उचलून धरणे नाही. दोघांनी एकमेकांपासून फार वेळ दूर राहायचे नाही. मग उरते काय? उरतात ते पाय, ताल आणि दोघांमधले अंतर. परीक्षक पाहतात की पावले संगीताच्या मात्रेवर पडतात का, वळण घेताना शरीर किती झुकते, आणि एवढ्या वेगात दोघांची पाती एकमेकांना न अडखळता किती जवळून जातात.

पात्याबद्दल थोडे सांगायला हवे. स्केट्सचे पाते म्हणजे सुरी नव्हे. साधारण चार मिलिमीटर जाडीच्या त्या पोलादी पट्टीला खालून लांबीच्या दिशेने पन्हळ असते, त्यामुळे तिला दोन कडा तयार होतात, एक आतली आणि एक बाहेरची. स्केटिंग करणारा सरळ दोन्ही कडांवर क्वचितच उभा राहतो. तो एका कडेवर झुकतो आणि बर्फावर वक्र रेषा उमटते. आइस डान्सची पाती टाचेकडे साधारण इंचभर आखूड असतात, कारण जोडीदार इतका जवळ असतो की लांब पाते त्याच्या पायात अडकेल.

आता विज्ञानाच्या तासाचा प्रश्न. बर्फ निसरडा का? आपल्यापैकी अनेकांनी असे वाचले आहे की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून पाते घसरते. हिशोब करून पाहा. बर्फाचा वितळणबिंदू १ अंशाने खाली आणायला वातावरणाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. ६० किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे आणि पात्याचा जेमतेम २ चौरस सेंटिमीटर भाग बर्फाला टेकला आहे असे धरले, तरी दाब येतो वातावरणाच्या ३० पटींच्या आसपास. म्हणजे वितळणबिंदू खाली येणार पाव अंश. रिंकवरचा बर्फ तर शून्याखाली काही अंश असतो. दाबाचे उत्तर पुरत नाही. खरे कारण बर्फाच्या पृष्ठभागाशी आहे. तिथल्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारे कोणी नसते, त्यामुळे ते सैल असतात आणि शून्याखालीही तिथे द्रवासारखा अतिशय पातळ थर राहतो. १८५० च्या सुमारास मायकेल फॅरेडे यांनी हे सुचवले होते. शिवाय घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते, तिचाही हातभार लागतो.

आपल्या देशात सिमल्याचे उघड्यावरचे नैसर्गिक बर्फाचे मैदान १९२० पासून आहे. डेहराडूनला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधले गेले. पण जोडीने नाचायचे तर वर्षभर बर्फ हवा, आणि नॉटिंगहॅमला तो १९३९ पासून होता. त्या वर्षी तिथे आइस स्टेडियम उघडले.

शाळेची सहल आणि नाताळची भेट

जेन टॉर्व्हिल यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९५७ चा. आईवडिलांचे वर्तमानपत्रे वगैरे विकण्याचे दुकान होते. जेन आठ वर्षांची असताना शाळेची सहल रिंकवर गेली, आणि तिथून तिचा पाय निघाला नाही. (सहलीला जायचे म्हणून घरी विनवण्या करणाऱ्यांनी हे वाक्य अधोरेखित करायला हरकत नाही.) ख्रिस्तोफर डीन यांचा जन्म २७ जुलै १९५८ चा, नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन या खाणकामगारांच्या गावातला. वडील वीजतंत्री होते. दहाव्या वर्षी नाताळला त्याला स्केट्स भेट मिळाले.

दोघांची सुरुवात वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर झाली. जेन दुसऱ्या मुलाबरोबर जोडी-स्केटिंग करीत असे, आणि १९७१ मध्ये त्या प्रकारात तिने राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. ख्रिस्तोफर दुसऱ्या मुलीबरोबर आइस डान्स करीत असे. दोन्ही जोड्या मोडल्या. १९७५ मध्ये जॅनेट सॉब्रिज या प्रशिक्षिकेने या दोघांना एकत्र उभे केले. जेनला आता उड्या सोडून पावलांकडे वळायचे होते. म्हणजे ती नव्याने विद्यार्थिनी झाली.

पोटापाण्याचे काम वेगळेच होते. शाळा सुटल्यावर जेन नॉर्विच युनियन या विमा कंपनीत कारकून म्हणून लागल्या. डीन सोळाव्या वर्षी पोलीस दलात उमेदवार म्हणून भरती झाले आणि पुढे शिपाई झाले. पोलिसांच्या पाळ्या ठरलेल्या, दिवसा रिंकवर सर्वसामान्यांची गर्दी. सराव करायचा तो रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे.

१९७८ पासून त्यांना बेट्टी कॅलवे शिकवू लागल्या. हंगेरीची क्रिस्टिना रेगॉत्सी आणि आंद्राश शाल्लाय ही जोडीही त्यांचीच शिष्य, जी १९८० मध्ये विश्वविजेती झाली. जागतिक स्पर्धेत आपल्या जोडीचे क्रमांक लागोपाठ पाहा. १९७८ मध्ये अकरावा, १९७९ मध्ये आठवा, १९८० मध्ये चौथा. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये पाचवा. एकाएकी काही घडले नाही. पण चौथ्या आणि पहिल्या क्रमांकात जे अंतर असते ते अकराव्या आणि चौथ्यामधल्या अंतरापेक्षा मोठे असते, हे परीक्षेला बसणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

नगरपालिकेचे पैसे

१९८० मध्ये दोघांनी नोकऱ्या सोडल्या. या निर्णयाकडे आजच्या डोळ्यांनी पाहू नये. त्या काळी ऑलिम्पिक स्केटिंग हौशी खेळाडूंसाठीच होते. प्रदर्शने करून पैसे मिळवले की खेळाडू स्पर्धेला अपात्र ठरे. म्हणजे पगार सोडायचा, आणि ज्या कलेसाठी तो सोडला तिच्यातून एक पैसाही घ्यायचा नाही. निवृत्तिवेतनाची हमी असलेली पोलिसातली नोकरी बाविसाव्या वर्षी सोडणाऱ्या मुलाला आपल्या घरी काय ऐकावे लागले असते, याची कल्पना करून पाहा.

नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने त्यांना १९८४ च्या ऑलिम्पिकपर्यंत वर्षाला १४,००० पौंड, एकूण ४२,००० पौंड द्यायचे ठरवले. हा करदात्यांचा पैसा होता. रस्ते, दिवे, घरे यांच्यासाठी ज्या तिजोरीतून पैसा जातो, तिच्यातून दोन नाचणाऱ्यांना द्यावा का? आम्हाला वाटते की नागरिकशास्त्राच्या तासाला यावर वाद घालण्यासारखा आहे, आणि दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. शहराने दिला खरा. त्या पैशावर दोघांनी पूर्णवेळ सराव केला, त्यातला बराचसा पश्चिम जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ येथे, जिथे दिवसाउजेडी बर्फ मोकळा मिळे.

१९८१ मध्ये हार्टफर्ड येथे ते विश्वविजेते झाले. त्याच वर्षी युरोपचे विजेतेपदही मिळाले. १९८२ मध्ये कोपनहेगनला, १९८३ मध्ये हेलसिंकीला आणि १९८४ मध्ये ओटावाला पुन्हा तेच. १९८३ च्या युरोपीय स्पर्धेला मात्र ते मुकले, कारण सरावात पडून जेन यांच्या खांद्याला दुखापत झाली होती.

या वर्षांत त्यांनी एक प्रथा मोडली. आइस डान्सच्या शेवटच्या फेरीला मुक्तनृत्य म्हणतात. त्याआधीच्या फेऱ्यांत पावले किंवा ताल ठरवून दिलेले असतात, मुक्तनृत्यात संगीत आपण निवडायचे. तेव्हाची रीत अशी की तीन-चार वेगवेगळ्या गतींच्या गाण्यांचे तुकडे जोडायचे, थोडे जलद, थोडे संथ, पुन्हा जलद, म्हणजे सगळी पावले दाखवून होतात. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनातले ‘रिमिक्स’ आठवा. टॉर्व्हिल आणि डीन एका नाटकाच्या संगीतावर एकच कथा सांगू लागले. १९८२ मध्ये ‘मॅक अँड मेबल’ या संगीतिकेचे संगीत, १९८३ मध्ये सर्कशीवरची ‘बार्नम’. ‘बार्नम’साठी लंडनच्या रंगभूमीवर ती भूमिका करणारे नट मायकेल क्रॉफर्ड यांनी त्यांना अभिनयाचे मार्गदर्शन केले. बर्फावर ते दोघे तारेवर चालत होते, चेंडू झेलत होते, कर्णा वाजवत होते, हातात काहीही नसताना. हेलसिंकीत कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० दिले. सहापैकी सहा, यापुढे गुणच नव्हते.

सहापैकी सहा मिळाल्यावर पुढच्या वर्षी करायचे काय, हा प्रश्न आम्हाला फार खरा वाटतो.

बोलेरो

त्यांनी निवडले मॉरिस रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराचे ‘बोलेरो’. इदा रुबिनस्टाइन या नर्तकीसाठी रॅव्हेल यांनी ते १९२८ मध्ये रचले. सुमारे पंधरा मिनिटांची ही रचना ऐकायला मिळाली तर जरूर ऐका, कारण आपल्या कानांना ती परकी वाटणार नाही. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर तोच लेहरा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि त्याच्या आधाराने तबलजी विस्तार करतो, हे आपण ऐकले आहे. ‘बोलेरो’त भूमिका उलट आहेत. इथे एक लहान ढोल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका धरून बसतो, आणि त्यावर दोनच सुरावटी आलटून पालटून येतात. प्रत्येक वेळी वाद्य बदलते. आधी बासरी, मग क्लॅरिनेट, मग आणखी वाद्ये, आणि आवाज कणाकणाने वाढत जातो. लय वाढत नाही. अगदी शेवटी स्वरपट्टी बदलते आणि सगळा डोलारा एकदम कोसळतो.

अशा संगीतावर स्पर्धेत नाचणे धोक्याचे होते. गती बदलत नाही, म्हणजे जलद आणि संथ असा फरक दाखवायला जागा नाही. सगळे जोखून धरायचे ते एकाच चढावर. आणि अडचण लांबीची. मुक्तनृत्य चार मिनिटांचे, फार तर १० सेकंद इकडे तिकडे. म्हणजे कमाल मर्यादा ४ मिनिटे १० सेकंद. पंधरा मिनिटांचे संगीत छाटत छाटत आणले, पण तो चढ मोडू न देता जे सर्वांत लहान रूप तयार झाले ते ४ मिनिटे २८ सेकंदांचे होते. १८ सेकंद जास्त.

आता आपण काय केले असते? बहुतेकांनी संगीताचा आणखी एक लचका तोडला असता. काहींनी संगीतच बदलले असते. या दोघांनी नियमपुस्तक काढले. वेळ मोजायला सुरुवात कधी होते? संगीत सुरू झाल्यावर नव्हे. स्केटिंग सुरू झाल्यावर, म्हणजे पाती बर्फाला लागून चालू लागल्यावर. मग पाती बर्फाला न लावता नृत्य सुरू करता येईल का? येईल, गुडघ्यांवर.

म्हणून त्या रात्री साराजेव्होच्या झेत्रा सभागृहात ढोल वाजू लागला तेव्हा जांभळ्या पोशाखातली दोन माणसे बर्फावर समोरासमोर गुडघे टेकून बसलेली होती. पहिले १८ सेकंद ती उठलीच नाहीत. हात, मान आणि पाठ, एवढ्यानेच ती डोलत राहिली, एकमेकांभोवती वळली. मग पाय खाली आले आणि परीक्षकांचे घड्याळ सुरू झाले.

सोय म्हणून शोधलेली ही १८ सेकंदेच त्या नृत्याची ओळख बनली. आमचे स्वतःचे मत विचाराल तर त्या नृत्यातला सर्वांत धीट भाग तोच. स्केटिंगच्या स्पर्धेत स्केटिंग न करता बसून राहायचे, तेही ऑलिम्पिकमध्ये. पुढे चार मिनिटे दोघे क्वचितच सुटे होतात. एक झुकला की दुसरा त्याच्या वजनाने उठतो, आणि संगीत चढते तशा चाली रुंदावत जातात. त्यांनी त्याला एक कथा दिली होती. दोन प्रेमिक ज्वालामुखीच्या मुखापर्यंत चढतात आणि त्यात झेप घेतात. शेवटच्या सुरावर दोघेही बर्फावर कोसळतात.

नऊ परीक्षक, प्रत्येकाचे दोन गुण, एक तंत्रासाठी आणि एक कलात्मक प्रभावासाठी. तंत्रासाठी तीन ६.० आणि सहा ५.९. कलात्मक प्रभावासाठी नऊही ६.०. एकूण १८ गुणांपैकी १२ पूर्ण. ऑलिम्पिकमध्ये असे आधी झाले नव्हते. रौप्यपदक सोव्हिएत संघाच्या नतालिया बेस्तेमियानोव्हा आणि आंद्रेई बुकिन यांना मिळाले, कांस्य त्याच देशाच्या मरिना क्लिमोव्हा आणि सर्गेई पोनोमारेंको यांना. आइस डान्स ऑलिम्पिकमध्ये आला तो १९७६ साली, आणि तोवरची दोन्ही सुवर्णपदके सोव्हिएत जोड्यांचीच होती. पहिले लुद्मिला पाखोमोवा आणि अलेक्झांडर गोर्शकोव्ह यांनी जिंकले होते. ब्रिटनमध्ये त्या रात्री सुमारे २ कोटी ४० लाख लोक दूरचित्रवाणीपुढे होते असे सांगतात.

त्याच स्पर्धेतल्या आधीच्या फेरीतले त्यांचे पासो दोब्ले नृत्य ‘बोलेरो’च्या प्रकाशात झाकोळले गेले. त्यात डीन बैलाशी झुंजणारा मॅटाडोर होते, आणि जेन बैल नव्हत्या. त्या होत्या मॅटाडोरच्या हातातले वस्त्र. तो झटकतो तसे ते फडफडते, बर्फावरून ओढले जाते आणि शेवटी जमिनीवर टाकले जाते. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचे संगीत त्याला होते. जाणकारांपैकी काहीजण याला ‘बोलेरो’च्या तोडीचे मानतात, आणि आम्हीही त्यांतलेच.

परत येणे

१९८४ चे विश्वविजेतेपद घेऊन दोघे व्यावसायिक झाले. बर्फावरचे स्वतःचे कार्यक्रम घेऊन देशोदेशी फिरले. नियमाप्रमाणे स्पर्धेचे दार आता बंद होते. दोघांचे लग्न झाले का, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. नाही झाले. दोघांनी वेगवेगळे संसार केले. डीन इतर जोड्यांसाठी नृत्ये बसवू लागले. फ्रान्सकडून खेळणाऱ्या इझाबेल आणि पॉल दुशेने या बहीणभावांची नृत्ये त्यांनी रचली, आणि ते १९९१ मध्ये विश्वविजेते झाले.

पुढे व्यावसायिकांना अर्ज करून परत हौशी गटात येण्याची मुभा मिळाली, आणि १९९४ च्या हिवाळ्यात टॉर्व्हिल आणि डीन पुन्हा स्पर्धेत उतरले. जेन ३६ वर्षांच्या होत्या, डीन ३५ चे. दहा वर्षांत खेळ बदलला होता. जानेवारीत कोपनहेगनला त्यांनी युरोपचे विजेतेपद निसटत्या फरकाने जिंकले, पण परीक्षकांचा कल ओळखून मुक्तनृत्याचा बराचसा भाग ऑलिम्पिकपूर्वी थोड्याच आठवड्यांत बदलला. नॉर्वेतल्या लिलेहामर ऑलिम्पिकमध्ये ‘लेट्स फेस द म्युझिक अँड डान्स’ या जुन्या गाण्यावर ते नाचले. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. गुण आले तेव्हा कांस्यपदक होते. सुवर्ण ओक्साना ग्रिशुक आणि येव्हगेनी प्लातोव्ह या रशियन जोडीला मिळाले, रौप्य माया उसोव्हा आणि अलेक्झांडर झुलिन यांना, तेही रशियाचेच.

गंमत पाहा. शेवटच्या एका चालीत जेन डीन यांच्या पाठीवरून उलट्या फिरून पलीकडे जात. ही नियमात न बसणारी उचल आहे की नाही, यावर वाद झाला. दहा वर्षांपूर्वी नियमाचा शब्द त्यांच्या बाजूने उभा राहिला होता, या वेळी त्याच शब्दाचा अर्थ दुसऱ्यांनी लावला. निकाल योग्य होता का, यावर स्केटिंगवाले आजही भांडतात. नृत्याला गुण देणे हे लांब उडी टेपने मोजण्यासारखे नाही. ग्रिशुक आणि प्लातोव्ह वेगवान होते, तरुण होते, त्यांचे मुक्तनृत्य दमसास पाहणारे होते. आम्ही दोन्ही बाजूंचे ऐकून कांस्यपदकाला अन्याय म्हणायचे टाळतो.

गुण कसे बदलले

६.० च्या पद्धतीविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. त्या गुणांची बेरीज करून निकाल लागत नसे. प्रत्येक परीक्षक आपल्या गुणांनुसार जोड्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देई, आणि बहुसंख्य परीक्षकांचा क्रमांक ग्राह्य धरला जाई. ५.८ हा गुण चांगला की वाईट हे त्या परीक्षकाने इतरांना काय दिले त्यावर अवलंबून असे. वर्गात पहिला येणे आणि ९५ टक्के मिळवणे यांत जो फरक आहे, तसाच.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोडी-स्केटिंगच्या निकालात परीक्षकावर दबाव आणल्याचे प्रकरण उघडकीस आले, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २००४ मध्ये ही पद्धतच मोडीत काढली. आता प्रत्येक उचल, प्रत्येक गिरकी, पावलांची प्रत्येक मालिका यांना मूळ किंमत ठरलेली असते, त्यात अंमलबजावणीप्रमाणे भर किंवा घट होते, आणि सगळ्याची बेरीज होते. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गाब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझेरॉन या फ्रेंच जोडीला दोन फेऱ्या मिळून २२६.९८ गुण मिळाले. ही संख्या १२ वेळा ६.० शी ताडून पाहता येत नाही. नव्या मोजपट्टीत ‘पूर्ण’ असे काही नाही, त्यामुळे साराजेव्होचे ते १२ आकडे कोणाला ओलांडताही येणार नाहीत.

झेत्रा

भूगोलाच्या तासाला साराजेव्हो नकाशावर शोधाल तर ते आज बोस्निया-हर्जेगोव्हिना या देशाची राजधानी आहे. १९८४ मध्ये ते युगोस्लाव्हियात होते. देश फुटला, १९९२ मध्ये युद्ध सुरू झाले, आणि शहराला वेढा पडला तो जवळजवळ चार वर्षे टिकला. झेत्रा सभागृह तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झाले. दफनासाठी जागा पुरेना तेव्हा ऑलिम्पिकच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीवर कबरी खणल्या गेल्या, आणि सभागृहातल्या आसनांचे लाकूड शवपेट्यांना वापरले गेले. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मदतीने सभागृह पुन्हा बांधले आणि १९९९ मध्ये ते उघडले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये, तीस वर्षांनी, टॉर्व्हिल आणि डीन तिथे गेले आणि त्यांनी ‘बोलेरो’ पुन्हा केले. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसे त्याच जागी गुडघे टेकून बसली. त्याआधी, १९९८ मध्ये ते एकदा निवृत्त झाले होते. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या ‘डान्सिंग ऑन आइस’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्यांना परत बर्फावर आणले. फेब्रुवारी २०२४ मध्ये, चाळीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्यांनी थांबण्याचे जाहीर केले, आणि २०२५ मध्ये शेवटचा दौरा केला. नॉटिंगहॅमचे जुने स्टेडियम आता नाही. त्या जागी २००० मध्ये नवे राष्ट्रीय बर्फकेंद्र उभे राहिले, आणि त्याच्या समोरच्या चौकाचे नाव बोलेरो चौक आहे. नगरपालिकेचे ४२,००० पौंड कुठे गेले असे कोणी विचारले तर तिथले लोक बहुधा त्या चौकाकडे बोट दाखवत असतील.

करून पाहा

शाळेच्या सभागृहात सतरंजीवर दोघांनी समोरासमोर गुडघ्यांवर बसावे. तिसऱ्याने सेकंदकाटा धरावा आणि चौथ्याने बाकावर एकच ठेका, लय न वाढवता, वाजवत राहावा. पाय न हलवता, न बोलता, १८ सेकंद दोघांनी मिळून काहीतरी सांगायचे आहे. काय सांगायचे ते आधी ठरवा आणि पाहणाऱ्यांना ते कळले का ते विचारा. मग ठेका वाजवणाऱ्याला विचारा की अठराव्या सेकंदापर्यंत लय त्याच्या नकळत वाढली होती का. ज्यांना आकडेमोड आवडते त्यांनी वरच्या दाबाच्या हिशोबात स्वतःचे वजन घालून वितळणबिंदू किती खाली येतो ते काढावे. उत्तरे फळ्याशेजारच्या पेटीत टाका. पुढच्या अंकात निवडक छापू.